चादर दिसल्याशिवाय

दुर्बीणकाकांना स्वतःचं चांगलं नाव होतं, पण ते पोस्टमनखेरीज कोणाच्या लक्षात नसे. गळ्यात सदान्‌कदा ती जुनी काळी दुर्बीण, एका भिंगाला कडेला तडा गेलेली, पट्टा तुटला तर बुटाची नाडी बांधलेली. बाजारात आले तरी गळ्यात, कोणाच्या मयताला गेले तरी गळ्यात. न्हावी म्हणायचा, काका झोपतानाही ती काढत नाहीत, स्वप्नातल्या काकू अंधुक दिसू नयेत म्हणून. काका हसायचे. चेष्टेचा राग येणारा माणूस नव्हता तो. त्यांना राग एकाच गोष्टीचा यायचा, चित्र बिघडण्याचा.

चित्र म्हणजे टीव्हीवरचं. त्याचं असं, की शहरातलं टीव्ही केंद्र डोंगराच्या पलीकडे आणि आपलं खोरं अलीकडे. लोकांनी हौसेनं टीव्ही आणले, घराघरांत टेबलं सजली, वर झालरीचं कापड पडलं, आणि बटण दाबलं की नुसत्या मुंग्या. आवाज यायचा तोही गुळणी धरून बोलल्यासारखा. मग शाळेतल्या मास्तरांनी चार डोकी जमवून मंडळ काढलं. डोंगराच्या माथ्यावर लोखंडी मनोरा उभा करायचा, एका बाजूनं शहराचं चित्र पकडायचं, पेटीतून जोरकस करायचं आणि दुसऱ्या बाजूनं खोऱ्यात सोडून द्यायचं. नफा नाही, वर्गणीची सक्ती नाही, ज्यानं दिलं त्याला दिसेल आणि ज्यानं नाही दिलं त्यालाही दिसेल. पहिल्या सभेत मास्तर म्हणाले, शेवटच्या घरात दिसलं तरच दिसलं म्हणायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं हो कोणाचं? ते वाक्य मनावर घेतलं एकट्या दुर्बीणकाकांनी. तेव्हा ते रेडिओ दुरुस्त करायचे, बाजारात टीचभर दुकान होतं. मनोऱ्याची किल्ली त्यांच्याकडे आली आणि दुकान हळूहळू बसलं.

शेवटचं घर कोणाचं, तर त्यांचंच. खालच्या वस्तीच्या टोकाला, टेकाडाच्या आडोशाला. तिथे चित्र पोचवणं म्हणजे वळणावरून दोरा ओवणं. वरच्या अँटेनानं अर्धी वीत इकडे तोंड केलं की बाजारात झकास आणि इथे मुंग्या. पण इथे दिसलं, की साऱ्या खोऱ्यात दिसलं समजा.

आता वर बसून खाली काय दिसतं हे कळायचं कसं? मोबाइल तेव्हा कोणी ऐकलेले नव्हते. अख्ख्या खोऱ्यात फोन एकच, किराणावाल्याच्या दुकानात, आणि डोंगरावर तार गेलेली नव्हती. वर खोपटात एक छोटा टीव्ही होता, पण तो वरचं सांगणार, खालचं नाही. तेव्हा काकांनी युक्ती काढली. खोऱ्यात पाच घरं ठरवली. चित्र स्वच्छ आलं की त्या घरानं गच्चीच्या कठड्यावर पांढरी चादर सोडायची. काका वरून दुर्बिणीनं बघणार. चादर दिसली, काम झालं. नाही दिसली, पुन्हा मनोऱ्यावर चढायचं, पान्यानं बोल्ट सैल करायचा, अँटेना किंचित फिरवायचा, खाली उतरायचं आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला.

युक्ती चांगली होती, पण माणसं चांगली पडली आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. वर काका वाऱ्यात कुडकुडतायत हे डोळ्यापुढे यायचं आणि लोकांना दया यायची. चित्र जेमतेम असलं तरी किराणावाला चादर सोडून द्यायचा. बिचारे उतरू देत खाली, दोन घास खाऊ देत. शाळेच्या गच्चीवर तर शिपाई सकाळीच चादर टाकून मोकळा व्हायचा, पुन्हा जिना कोण चढणार! काका खाली येऊन बघायचे तर पडद्यावरच्या माणसाच्या मागे त्याचंच भूत उभं. असं चार-दोनदा झालं आणि काकांनी कानाला खडा लावला. बाकीच्यांच्या चादरी म्हणजे पाहुण्याला केलेला आग्रह, त्या बघायच्या आणि सोडून द्यायच्या. खरी चादर एकच, काकूंची.

काकू खोटं चादरीनंही बोलायच्या नाहीत. एकदा गारा पडल्यानंतर काका वर गेले होते. बोटं आखडलेली, कमरेचा पट्टा ओला, आणि खाली चार गच्च्यांवर चार चादरी फडकतायत. पाचवी काही येईना. संध्याकाळपर्यंत त्या बाईनं नवऱ्याला मनोऱ्यावर नाचवला. घरी आल्यावर काकांनी विचारलं तर म्हणाल्या, बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं दिसत होती, मी कशी लावू चादर? काकांनी ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगितली. इतक्या कौतुकानं सांगायचे, की वाटावं बायकोनं मोठी परीक्षा पास केली.

काकूंना कौतुक नको होतं, नवरा हवा होता. आता हे तोंडानं कोणती बायको सांगते? त्या म्हणायच्या, लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुम्ही, घरची चूल विझली तरी चालेल. मुलीच्या लग्नाच्या फोटोत काका नाहीत. त्याच घटकेला वर फ्यूज गेला होता. काकू तो फोटो आल्यागेल्याला दाखवायच्या आणि मागे खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर बोट ठेवून म्हणायच्या, हे काय, इथे आहेत ना हे. लोक हसायचे, काकूही हसायच्या. हसून झाल्यावर फोटो पालथा ठेवायच्या.

मग दिवस पालटले. बाजारातल्या चांगल्या घरांवर छत्र्या आल्या. आकाशातून थेट चित्र, हवे तितके चॅनल, मनोरा नको, मंडळ नको, काका तर नकोतच. गरज सरो आणि वैद्य मरो. मास्तर निवृत्त झाले तरी सभेला यायचे, पण मागे बसायचे. पाच चादरींच्या घरांतली दोन गळाली. उरली ती खालची वस्ती आणि इकडेतिकडे विखुरलेली, ज्यांना छत्री परवडणार नव्हती अशी घरं. त्या वर्षी मंडळात उघडच बोललं जाऊ लागलं, की आता बंद करावं. सभा ठरली ती नेमकी क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या पुढच्या आठवड्यात. काकांनी मनाशी गाठ मारली, की सामन्याचं चित्र असं देऊ की सभेत कोणाची जीभ उचलणार नाही.

आणि सामन्याच्या आदल्या दिवशी वादळ झालं. पत्रे उडाले, झाडं आडवी झाली. सकाळी काकांनी टीव्ही लावला तर पडद्यावर मुंग्यांचं वारूळ. वरचा अँटेना वाऱ्यानं फिरला होता, त्यात शंकाच नव्हती.

त्याच सकाळी काकूंच्या हातून कप पडला. उजव्या हातातून, धरलेला असताना. त्या आठवड्यातला तो पहिला नव्हता. शिवाय बोलताना शब्द घसरत होते. चमचा मागायचा तर म्हणाल्या किल्ली द्या. काका हसले होते. म्हणाले, माझ्या संगतीत तुलाही किल्लीच दिसायला लागली. काकू हसल्या नाहीत. कपाचे तुकडे गोळा करता करता म्हणाल्या,

"अहो, आज मला डॉक्टरकडे न्या. हा हात माझा राहिलेला नाही."

"आज कसं नेऊ? अँटेना फिरलाय, दुपारी सामना आहे. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ, शब्द देतो."

"उद्या तिथे दुसरं काहीतरी फिरलेलं असेल."

काकांना ते लागलं, कारण खरं होतं. ते म्हणाले, चिडू नकोस, पडून राहा, फक्त चित्र आलं की चादर तेवढी लाव. काकूंनी तुकडे कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकले आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांना वाटलं, फुगली. चाळीसएक वर्षांच्या संसारात फुगणं नवीन नव्हतं. ते पान्यांची पिशवी खांद्याला लावून निघाले. कोपऱ्यावरून शहराची गाडी गेली, तिला त्यांनीच हात करून वाट दिली.

डोंगर चढायला त्यांना आता पूर्वीपेक्षा वेळ लागायचा. वर खोपटाचं दार वाऱ्यानं उघडं पडलं होतं, आत पाचोळा. पेटी ठीक होती, दिवा जळत होता. काकांनी पट्टा बांधला, मनोऱ्यावर चढले, बोल्ट सैल केला. इतक्या वर्षांचा हात तो, डोळे मिटूनही अंदाज यायचा. अँटेना वळवला, बोल्ट हलकाच आवळला आणि खाली येऊन दुर्बीण डोळ्याला लावली.

थोड्याच वेळात किराणावाल्याच्या गच्चीवर पांढरं दिसलं. मग शाळेवर. काका मनात म्हणाले, तुमचं राहू द्या, तुम्ही काय, आंधळ्यालाही दिसतंय म्हणाल. त्यांनी दुर्बीण खालच्या वस्तीकडे वळवली. शेवटच्या घराचा कठडा उघडा होता.

आता सांगायला हरकत नाही. शेवटच्या घरात तेव्हा चित्र आरशासारखं स्वच्छ आलं होतं. पहिल्या फटक्यात. काकूंनी ते पाहिलं हे नक्की, कारण त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केलेला सापडला, घरात फिरताना ऐकू यावा म्हणून त्या करायच्या तसा. चिडलेल्या असोत नाहीतर आजारी, काम ते काम. त्यांनी कपाटातून चादर काढली आणि गच्चीचा जिना चढायला लागल्या. तो जिना घरातूनच जातो, अरुंद, मध्ये वळण, वळणावर अंधार. वळणापाशी त्यांचा उजवा पाय त्यांचा राहिला नाही. त्या भिंतीला घासत खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. हाक मारायला तोंड उघडलं तर आतून शब्दच येईना. खाली टीव्हीवर सामना सुरू व्हायची घोषणा चालली होती.

वर काका वाट बघत होते. मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की टेकाडाच्या आडोशाला पोचलं नाही. पुन्हा चढले, किंचित फिरवलं, उतरले. किराणावाल्याची चादर खाली गेली होती. म्हणजे तिकडे बिघडलं. शेवटचा कठडा उघडाच. पुन्हा चढले. या वेळी उलट्या बाजूला. किराणावाल्याची चादर पुन्हा आली. शेवटचा कठडा उघडाच.

खोऱ्यात एव्हाना आरडाओरडा सुरू झाला होता. सामना रंगात आलेला, आणि पडद्यावर खेळाडू येतायत, विरघळतायत, पुन्हा येतायत. लोकांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की अरे, चित्र चांगलं असताना चादरी लावा रे सगळे, म्हणजे म्हातारा थांबेल. पुढच्या वेळी अँटेना बरोबर जागी आला तशी झुंबड उडाली. ज्यांनी जन्मात कधी चादर लावली नव्हती त्यांनी गच्च्या गाठल्या. चादर नाही तर टॉवेल, टॉवेल नाही तर पडदा, कोणी पांढरा शर्ट काठीला बांधला. ज्यांच्या घरावर छत्री होती तेसुद्धा मजा म्हणून सामील झाले. डोंगरावरून बघणाऱ्याला खोरं धुण्याच्या दिवसासारखं दिसलं असेल.

काकांनी ते सगळं पाहिलं. तडा गेलेल्या भिंगातून एकेक गच्ची पाहिली. आणि ते रागानं लाल झाले. यांना सामना बघायचाय, दोन नाकं दिसली काय, चार दिसली काय, यांचं भागतंय! शेवटच्या घराचं काय? टाळ्या वाजवल्या होत्यात ना? त्यांनी बोल्ट पुन्हा सैल केला. आणि मला विचाराल तर तिथे, त्या मनोऱ्यावर, तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा इतका बरोबर होता आणि इतका चुकीचा होता.

मग त्यांच्या मनात दुसरं आलं. एवढं फिरवूनही तिथे चित्र येत नाही, असं होईल कसं? एकदा तरी आलं असणार. तिनं बघितलं असणार. म्हणजे मुद्दाम लावत नाही. सकाळचा राग काढतेय. बाकी काही असो, हत्यार बरोबर शोधलंन. काकूंनी असं आयुष्यात एकदाही केलं नव्हतं, भांडणाच्या दिवशीही चादर वेळेवर यायची. हे काकांना माहीत होतं. तरी ते आलं मनात, आणि एकदा आल्यावर बसलंच. हात बधिर झाल्याचं, कप पडल्याचं आठवलं नाही. फुगून पाठमोरी उभी राहिलेली तेवढी आठवली.

सामना संपत आला तेव्हा त्यांनी अँटेना होता तसा आवळून टाकला आणि डोंगर उतरले. वाटेत कोणी काही बोललं ते त्यांच्या कानात शिरलं नाही. शेजारची शिंपीण फाटकात उभी होती. तिनं दुपारी एकदा कुंपणावरून काकूंना हाक मारली होती, विचारायला, की काकांनी हे काय चालवलंय. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तेव्हा काकू सामन्यात रमल्या असतील असं समजून ती परत आपल्या टीव्हीपुढे जाऊन बसली. घरात सामना चालू असताना दुसऱ्याच्या दारात किती वेळ उभं राहायचं? तिला दोष देऊन उपयोग नाही. पण द्यावासा वाटतो.

काका दारातून आत आले. टीव्ही मोठ्यानं चालू, चित्र बरं, खुर्ची रिकामी. म्हणजे चित्र होतंच! त्यांचा संताप मस्तकात गेला. आत कुठे असेल तिथे ऐकू जावं म्हणून ते टीव्हीच्या वर आवाज चढवून ओरडले,

"रुसायला आजचाच दिवस सापडला तुला? बस मग. मर तिकडे."

मर तिकडे. आपण रोज म्हणतो हे. पोराला म्हणतो, कुत्र्याला म्हणतो, न पेटणाऱ्या स्टोव्हलाही म्हणतो. त्याला काही अर्थ नसतो. काकांनी पिशवी आपटली, टीव्ही बंद केला, आणि घर गप्प झाल्यावर त्यांना जिन्यावरून घरघर ऐकू आली.

काकू वळणावर पडल्या होत्या. चादर घडी केलेलीच, अंगाखाली अर्धी. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, पायरी ओली. डोळे मात्र टक्क उघडे, आणि ते काकांकडे बघत होते.

पुढचं सगळं धावपळीचं. किराणावाल्यानं सामान आणायची जीप काढली, शिंपी आणि दोघंतिघं पाठीमागे बसले, काकांनी काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यावर वादळानं पाडलेली झाडं, दोनदा उतरून फांद्या ओढाव्या लागल्या. इस्पितळातल्या डॉक्टरनं तपासलं. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, पण दमलेला होता, आणि दमलेली माणसं खरं बोलतात. म्हणाला, सकाळी आणलं असतं तर गोष्ट वेगळी असती. झाल्यावर लगेच आणलं असतं तरी बरंच वाचलं असतं.

काकांनी एकच विचारलं, हिला कळतं का, ऐकू येतं का. डॉक्टरला वाटलं धीर मागतायत. तो म्हणाला, हो हो, ऐकू अगदी स्वच्छ येतंय, कळतंही सगळं. फक्त बोलता येणार नाही. आणि पडल्या तेव्हाही शुद्धीत असणार. काका तिथेच बाकावर बसले. किराणावाल्यानं पाणी आणलं ते हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

मुलगी आली. आईचं सगळं केलं. तिनंच आईला शिकवलं, की हो म्हणायचं असेल तर डाव्या हातानं समोरच्याचा हात दाबायचा, नाही म्हणायचं असेल तर मूठ उघडी टाकायची. काकूंना ते लगेच जमलं. बापाशी मुलगी फारसं बोलली नाही. निघायच्या दिवशी भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, की बाबा, गाडी दारावरून जाते हो. मग डोळे पुसून सासरी गेली. तिलाही पोरंबाळं, नोकरी. किती दिवस राहणार?

काका पुन्हा डोंगर चढले नाहीत. किल्ली मंडळाच्या टेबलावर ठेवून आले. मंडळानं सभा घेतली. बंद करण्याचा विषय कोणी काढला नाही, लाजेकाजेस्तव. उलट ठराव झाला, की यापुढे डोंगरावर दोघांनी जायचं आणि खालून वर तारेचा फोन टाकायचा. बैल गेला आणि झोपा केला. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले आणि किल्ली तिथेच राहिली, कारण घ्यायला कोणी पुढे येईना. काही महिने मनोरा आपला आपण चालला. मग एका वाऱ्यात अँटेना पुन्हा फिरला, आणि नियमाप्रमाणे सगळ्यात आधी शेवटच्या घरातलं चित्र गेलं.

काकू दिवसभर त्या टीव्हीपुढे खुर्चीत बसलेल्या असायच्या. मान एका बाजूला, उशीच्या आधारानं. करमणूक म्हणून तेवढंच होतं, आता त्यातही मुंग्या. काका टीव्ही बंद करायला गेले तर काकूंची मूठ उघडी. नको. मग तो तसाच खरखरत राहायचा आणि काका स्वयंपाकघरात भाताला पाणी घालायचे, कपडे पिळायचे, अंथरूण बदलायचे. हात टेकले नाहीत त्यांनी, तेवढं खरं. काकूंच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पण नजर टाळायचे. भरवायचे तेही चमच्याकडे बघून.

एका दुपारी किराणावाला, मास्तर आणि शिंपीण अशी तिघं आली. काकूंची चौकशी झाली, उशी सारखी करून झाली. मग मास्तर घसा खाकरून म्हणाले, की काका, खालची वस्ती आंधळी झालीय, तुमच्याखेरीज कोणाला जमणार नाही. काका नाही म्हणाले. किराणावाला समजूत घालायला गेला. चांगल्या मनानंच गेला तो, पण काही माणसं चांगल्या मनानंच सुरी चालवतात. म्हणाला, "तुमचा हात काय सांगावा काका. त्या दिवशीसुद्धा पहिल्या फिरवण्यात चित्र लखलखीत आलं होतं. म्हणून तर मी लगेच चादर सोडली."

काका म्हणाले, तुझ्याकडे आलं असेल, इथे आलं नसेल.

तेव्हा शिंपीण बोलली. "आमच्याकडे पण आलं होतं हो. कुंपणाला कुंपण आपलं. तुम्ही पुन्हा का फिरवलंत तेच कळेना आम्हाला."

मास्तरांनी शिंपिणीकडे पाहिलं, तिनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं तिघं उठली, येतो म्हणाली आणि गेली. काकांनी दार लावलं. त्यांनी आजवर मनाची एक समजूत काढलेली होती. चित्र आलं नव्हतं, म्हणून आपण फिरवत राहिलो. कधीतरी उशिरा, शेवटी शेवटी आलं असेल, तेव्हा ती उठली आणि पडली. म्हणजे फार वेळ पडून नव्हती. ही समजूत त्या दोन वाक्यांत संपली. सगळी दुपार ती जिन्यात होती, आणि आपण डोंगरावरून उघड्या कठड्याकडे बघत तिच्यावर चिडत होतो.

भात गार व्हायला लागला होता. काकांनी वाटी घेतली आणि काकूंसमोर स्टूल ओढून बसले. एक घास भरवला. दुसरा चमच्यात घेतला आणि तसाच धरून राहिले. मग वाटी मांडीवर ठेवून त्यांनी काकूंचा डावा हात हातात घेतला. विचारलं, पहिल्यांदाच चित्र स्वच्छ आलं होतं का.

काकूंनी हात दाबला.

खरं तर इथे थांबायला हवं होतं त्यांनी. काही गोष्टी न विचारता जन्म काढता येतो, लोक काढतात. पण त्यांना राहवेना. ते खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मी दारातून ओरडलो. टीव्ही मोठा होता. तुला ऐकू आलं का?"

आणि मान वर करून त्यांनी कितीतरी महिन्यांनी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं. मूठ उघडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरी कोणीही बाई असती तर तिनं उघडली असती. म्हाताऱ्याला खाली उतरू दिलं असतं.

काकूंनी त्यांच्याकडे बघतच हात दाबला. एकदाच, पण नीट, चुकून झालं असं वाटू नये इतका.

काकांनी हात लगेच सोडला नाही. मग त्यांनी वाटी उचलली, चमच्यातला गार घास झटकून नवा घेतला आणि पुढे केला. काकूंनी तोंड मिटून घेतलं होतं. चमचा ओठांपाशी तसाच राहिला, काकांनी तो मागे घेतला नाही. बऱ्याच वेळानं काकूंनी तोंड उघडलं. भूक लागली होती, आणि भरवणारं दुसरं कोणी घरात नव्हतं.